लौजच्या वाटेवरच्या उतरंडी

१

खलफान कड्यावरून पडला आणि सगळं सिद्रा गाव माझ्याकडे बघू लागलं.

गावाचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. खलफान माझा सख्खा चुलतभाऊ. त्याचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, हे इथल्या बकऱ्यांनाही ठाऊक आहे. त्याच्या खजुरीला माझ्याआधी रंग चढतो. त्याचा मुलगा मस्कतला इंजिनियर होतो. माझ्या घरी आलेला पाहुणासुद्धा कहव्याचा शेवटचा पेला पुरे म्हणून हलवून परत देताना विचारतो, "खलफान घरी असेल ना?" हे सगळं मी सोसलं. पण लौजची वाट माझी होती, आणि तीही त्यानं घेतली.

लौज हे आमच्या आजोबांचं गाव, डोंगराच्या अगदी माथ्यावर. पलीकडच्या अंगानं जीपचा रस्ता झाला, तशी माणसं हळूहळू खाली उतरली आणि घरं ओस पडली. आमच्या बाजूनं वर जाणारी गाढवांची जुनी वाट कुणी वापरेना. पुरानं ती मधे मधे खाल्ली, आणि ज्यांना ती ठाऊक होती ते कबरीत गेले. मी शाळेत भूगोल शिकवतो. कुठल्या कुठल्या दुकानांतून जुने नकाशे जमवायचे आणि सुट्टीत नदीपात्रातून वर बघत हिंडायचं, हा माझा नाद. खलफान हसायचा. "मास्तर कागदावर चालतो, म्हणून त्याच्या चपला झिजत नाहीत," असं चारचौघांत म्हणायचा.

आणि मग एका संध्याकाळी याच माणसानं शेख हिलालच्या बैठकीत भिंतीवर चादर टांगली आणि उपग्रहानं काढलेलं आमच्या डोंगराचं चित्र तिच्यावर पाडलं. काळ्या कातळावर एक फिकी रेघ दिसत होती. "वर्षानुवर्षं पाय पडून दगडाचा काळा थर झिजतो," खलफान म्हणाला. "तो आकाशातून असा दिसतो. ही लौजची वाट." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या वाटा शोधून त्यांची नोंद करणारं एक मंडळ मस्कतला आहे. त्यांची माणसं दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी येणार असं तिथल्या तिथे ठरलं. नोंदीत वाटेबरोबर शोधणाऱ्याचं नावही लागतं.

पाहुणे यायच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी जीपवाल्या मुहन्नाला नदीपात्रातून ओरडणं ऐकू आलं. खलफान कड्याखाली पडला होता, मांडीचं हाड मोडलेलं. वरच्या कपारीवर नव्या दगडांच्या उतरंडी एका ओळीत कड्याच्या टोकापर्यंत गेल्या होत्या, खालूनही दिसत होत्या. आमच्याकडे वाटेची खूण म्हणजे दगडांची अशी उतरंड, मोठा दगड तळाला आणि लहान वर.

"आज पहिल्यांदाच वर गेलो होतो," खलफान कळवळत म्हणाला. "उतरंडी बघत चाललो, आणि पुढे जमीनच नव्हती. कुणीतरी रचून ठेवल्या होत्या."

कुणी, ते तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. दुपारपर्यंत माझं नाव गावभर झालं.

शेख हिलालनं मला बोलावलं. "मी वर जायला सगळ्यांना मनाई केली आहे," तो म्हणाला. "तुझी शम्सा खाला पोलिसात होती, ती चौकशी करेल. जुम्म्याच्या नमाजापर्यंत खरं काय ते कळलं नाही तर मला पोलिसांत कळवावं लागेल, आणि तुझं नाव मी लपवणार नाही, झाहिर. पोरांसमोर उभं राहणाऱ्या माणसाचं नाव आहे, हे मला कळतं. पण खलफानचाही पाय आहे."

पोलिसांत नाव गेलेल्या मास्तरला कुणी वर्गात उभं करत नाही. माझ्याकडे फळ्याशिवाय दुसरं काय आहे?

२

शम्सा खाला माझ्या आईची धाकटी बहीण. मस्कतच्या पोलिसात आयुष्य काढून परत आली आणि आता अंगणात बकऱ्या बांधून बसते. बाई सडपातळ, आवाज बारीक, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही ती आणखी थोडा वेळ ऐकत राहते. त्यानं माणूस घाबरतो.

"तू रचल्यास का?" तिनं विचारलं.

"नाही."

"तो पडावा असं वाटलं होतं का?"

"रोज वाटतं, खाला."

"बरं झालं खरं बोललास. खोटं बोलला असतास तर कहवा दिला नसता." तिनं पेला भरला. "आता तुझा कागद दाखव."

मी नकाशा उलगडला. फार पूर्वी परदेशी मोजणीवाल्यांनी केलेला, घड्यांवर विरलेला. लौजकडे जाणारी तुटक रेघ त्यात होती, पण इतकी पुसट की दुसऱ्या कुणाला दाखवली तर तो म्हणेल चहा सांडलाय. शेजारी मी खलफानच्या चित्राची प्रत ठेवली. खालानं चष्मा चढवला आणि दोन्हींवर बराच वेळ बोट फिरवलं.

"नदीपासून दुहेरी फाट्यापर्यंत दोन्ही रेघा एकच," ती म्हणाली. "पुढे तुझी डावीकडे, त्याची उजवीकडे."

"कारण त्याची वाटच नाही," मी म्हणालो, आणि म्हणताना मला आनंद झाला हे लपवत नाही. "नीट बघ. चढत नाही ती. डोंगराच्या पोटाला धरून सपाट जाते. माथ्यावरच्या गावाला जाणारी वाट सपाट कशी जाईल? तो शेतांना पाणी नेणारा जुना पाट आहे. पाण्याला चढता येत नाही, माणसाला येतं. आणि पुढे तो पाट कड्यावर तुटतो. चित्रात तिथे सावली पडली आहे, म्हणून त्याला दिसलं नाही."

"तुला हे कधी कळलं?"

"चादर टांगली तेव्हाच."

"आणि बोलला नाहीस."

"का बोलू? शनिवारी पाहुण्यांसमोर तोंडघशी पडला असता. तो दिवस मला डोळे भरून बघायचा होता."

खाला माझ्याकडे बघत राहिली. मी बोलून गेलो होतो आणि आता मलाच ते ऐकू येत होतं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "ती रेघ कड्यावर जाऊन संपते हे साऱ्या सिद्र्यात एकट्या तुला माहीत होतं."

मी मान हलवली.

"मुला, हे माझ्याशिवाय कुणाला सांगू नकोस. याहून कमी पुराव्यावर मी माणसं आत टाकली आहेत."

३

मुहन्ना जीप धूत होता. पर्यटकांना पलीकडच्या रस्त्यानं माथ्यावर नेणं हा त्याचा धंदा. आमच्या बाजूची वाट उघडली तर नुकसान त्याचं, असं मला वाटत होतं आणि मी ते खालाला दोनदा सुचवलंही होतं. खाई त्याला खवखवे, असं ती म्हणाली होती.

"या, या मास्तर," मुहन्ना म्हणाला. "अजून बाहेरच आहात?"

"मुहन्ना," खाला म्हणाली, "वाट उघडली तर तुझ्या जीपचं काय?"

"सोनं होईल जीपचं. लोक हौसेनं चढतील, वर जाऊन गुडघे धरतील, आणि उतरायला मलाच हाका मारतील. वाट लवकर उघडावी म्हणून मी तर खलफानला दोनदा नदीच्या तोंडाशी फुकट सोडलं."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. बोरीवरचा मध बघायला जातो म्हणाला." तो पुसायचं फडकं पिळू लागला. "मध काही आणला नाही. मी विचारलं तर वसकन अंगावर आला. मोठी माणसं. आपण गाडी चालवावी."

खालानं त्याचे आभार मानले. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "खलफान तर म्हणाला पहिल्यांदाच वर गेलो होतो."

"मी ऐकलं," ती म्हणाली आणि खलफानच्या घराकडे वळली.

खलफानची बायको रय्या निझव्याच्या इस्पितळातून कपडे न्यायला घरी आली होती. मला दारात बघून तिनं ओढणी ओढून घेतली. खालासाठी कहवा आणि खजूर आले. माझ्यासमोर पेला ठेवलाच नाही. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

"उम्म अझ्झान," खाला तिला मुलाच्या नावानं हाक मारत हळूच म्हणाली, "राग बाजूला ठेव. मला फक्त तुझ्या घरातलं सांग. पडायच्या आधी तो कसा होता?"

"कसा असणार? त्या वाटेनं गिळला होता त्याला. लोक म्हणतात दुसरी बायको करू नये, घर मोडतं. माझ्या नवऱ्यानं केली नाही, पण ती वाट माझी सवतच की. संध्याकाळ झाली की पडद्यासमोर बसायचा. मी जेवण वाढलेलं तसंच. एकदा मी म्हणाले, हा डोंगर कोसळला तर बकरं कापून वाटीन. हे मी विहिरीवर सगळ्यांसमोर बोलले आहे. माझंही नाव लिहून घ्या हवं तर."

"हाताला लागलं होतं का त्याच्या? आधी?"

रय्या थबकली. "तुम्हाला कसं कळलं? आठवडाभर तळवे सोललेले होते. मी तूप लावून द्यायची. विचारलं तर म्हणे बोरीचे काटे. काट्यानं ओरखडा येतो, अशी कातडी जात नाही. पण मी वाद घातला नाही."

"झोप लागायची त्याला?"

"कसली झोप." ती एकदम माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही. "झोपेत बडबडायचा. मला वाटलं होतं लौजचं नाव घेत असेल. नाही. तुझं घ्यायचा. 'झाहिर हसतोय,' म्हणायचा. 'बघ, तो हसतोय.' काय केलंस तू त्याला?"

मी शपथेवर सांगतो, मी काहीही केलं नव्हतं. मी हसलोसुद्धा नव्हतो.

४

गुरुवारी सकाळी खाला आणि मी नदीपात्रातून निघालो. शेखच्या मनाईमुळे खलफाननंतर कुणी त्या बाजूला फिरकलं नव्हतं. त्याला उचलला तोही खालून, कड्याच्या पायथ्यावरून.

वाट सुरू होते तिथे मी वाकून नदीतले गुळगुळीत गोटे खिशात भरले. खालानं भरले नाहीत. मस्कतनं तिच्या काही सवयी खाल्ल्या आहेत. डोंगरात चढताना आमचा माणूस नदीतले गोटे बरोबर नेतो आणि वाटेवर जी जी उतरंड लागेल तिच्या माथ्यावर एक ठेवतो. म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं, इथून माणूस गेला, वाट जिवंत आहे. आई पाठीवर घेऊन चढायची तेव्हापासून हात तसा वळलेला असतो.

दुहेरी फाट्यापर्यंतच्या उतरंडी जुन्या, काळ्या पडलेल्या. प्रत्येकीवर ताजा पांढरा गोटा होता.

"हे कुणाचे?" खालानं विचारलं.

"खलफानचे. लहानपणापासून तो पांढरेच उचलतो. आम्ही हाताला येईल तो घ्यायचो, त्याला मात्र सगळ्यांत चांगलं लागायचं." मी माझा करडा गोटा त्याच्या पांढऱ्यापेक्षा जरा वर बसेल असा ठेवला. खालानं ते पाहिलं आणि ती पुढे निघाली.

फाट्यावर आम्ही उजवीकडे वळलो. पाटाच्या काठानं कपार सपाट जाते, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. आणि तिथे त्या होत्या. नव्या उतरंडी, दगड उलथून रचलेले, त्यांची मातीत असलेली फिकी बाजू वर आलेली. रचणाऱ्याला काळी बाजू वर ठेवायचं भान राहिलं नव्हतं, किंवा वेळ नव्हता. मला त्या दगडांचा असा राग आला की लाथ मारून सगळ्या खाली लोटाव्यात. याच दगडांनी माझा फळा काढून घ्यायचं ठरवलं होतं.

मी पुढे चालत राहिलो. तिसऱ्या की चौथ्या उतरंडीपाशी मागून खाला म्हणाली, "थांब."

मी थांबलो.

"आता काय केलंस?"

"काय केलं?"

"हात बघ तुझा."

माझा हात उतरंडीवर होता. बोटांखाली नदीतला गोटा. मागे वळून पाहिलं तर आधीच्या उतरंडींवरही माझे करडे गोटे बसलेले होते. मी कधी ठेवले, माझं मला कळलं नव्हतं.

"हातच जातो, खाला. मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम केलं असतंस तर त्याची किंमत शून्य होती," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती त्या राशी एकेक करून बघत पुढे निघाली, माझ्याही पुढे.

कड्याच्या टोकावर शेवटची उतरंड होती, खरं तर अर्धी. तळाचे दगड रचलेले, माथा नाही. कडेची माती खरवडून गेली होती. खाली, जिथे खलफान सापडला, तिथे एक मोठा चपटा दगड फिकी बाजू वर करून पडला होता. या कपारीवरचाच तो.

खाला पाटाच्या काठावर बसली आणि तिनं पदरानं चेहरा पुसला.

"कुणी रचल्या ते मला कळलं," ती म्हणाली. "चल, निझव्याला जायचं. आणि झाहिर, तोंड आवर. तुला आनंद होईल असं तुला वाटेल. होणार नाही."

५

गाडी खाला चालवत होती. शेवटी मला राहवेना.

"सांग तरी."

"तू सांग. खालच्या जुन्या उतरंडींवर काय होतं?"

"खलफानचे पांढरे गोटे."

"आणि वरच्या नव्यांवर?"

मी डोळे मिटून ती कपार आठवली. "माझे करडे. बाकी काहीच नाही."

"काहीच नाही. तो म्हणतो, कुणीतरी रचलेल्या उतरंडी बघत मी कड्यापर्यंत गेलो. त्या खोट्या आहेत हे त्याला कळलं असतं तर तो पुढे गेला नसता. खऱ्या वाटल्या असत्या तर प्रत्येकीवर गोटा ठेवला असता, फाट्यापर्यंत ठेवलाच होता की. मग पुढे का नाही?"

"घाईत असेल. घाबरला असेल."

"तू नव्हतास घाबरलेला? ज्या राशींनी तुझ्या गळ्याला फास लावला, त्यांच्यावरसुद्धा तुझा हात गेला. आपल्या डोंगरातल्या माणसाचा हात फक्त एकाच तऱ्हेच्या उतरंडीवर जात नाही. कुठल्या?"

मला उत्तर माहीत होतं. मी लहान असताना आजोबांबरोबर उतरंड रचली होती आणि वर गोटा ठेवायला गेलो तर त्यांनी हात धरला होता. आपल्या राशीवर आपण गोटा ठेवायचा नसतो, तो मागून येणाऱ्याचा मान.

"स्वतः रचलेल्या," मी म्हणालो.

"हं. आता त्याचे सोललेले तळवे बघ, मुहन्नानं दोनदा सोडलं ते बघ, आणि टोकावरची अर्धी उतरंड बघ. सापळा लावणारा शेवटची रास अर्धी टाकून घरी जात नाही. ती रचताना पाय सरकला तरच ती अर्धी राहते."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सुटलो होतो. माझी नोकरी वाचली होती. आणि खलफान, ज्याच्यावर गाव जीव ओवाळून टाकतं तो खलफान, उघडा पडणार होता. याच दिवसाची मी किती वाट पाहिली होती. पण छातीत आनंद शोधावा तर तिथे नुसता गोंधळ होता.

"शेखला तूच सांग," मी म्हणालो.

"मी तुझी मावशी. लोक म्हणतील घरच्या बाईनं भाच्याला वाचवलं. ते त्याच्याच तोंडून यायला हवं."

६

खलफान पांढऱ्या चादरीवर पडला होता, पाय वर टांगलेला. मला पाहून त्यानं मान भिंतीकडे वळवली. रय्या उठून उभी राहिली.

"उम्म अझ्झान," खाला म्हणाली, "पडला तेव्हा अंगावर होते ते कपडे कुठे आहेत?"

रय्यानं पलंगाखालून पिशवी काढली. खालानं अंगरख्याचा खिसा उलटा केला. पांढरे गोटे चादरीवर पडले आणि त्याच्या चांगल्या पायाला लागून थांबले. बरेच होते.

"वापरले नाहीस रे," खाला म्हणाली.

खलफान गोट्यांकडे बघत राहिला. डोंगरातला माणूस होता, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. रय्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या तळव्यांकडे, आणि हातातली पिशवी तिनं खाली ठेवली.

"पहिल्यांदा गेलो तेव्हाच कळलं," तो शेवटी म्हणाला. "पाट आहे तो. पुढे कडा. चित्रात सावली होती."

"मग शेखला सांगायचं," मी म्हणालो.

"सांगणार होतो. तेवढ्यात ती बैठक आठवली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि तू शांत बसला होतास. जळत असतास तर मला बरं वाटलं असतं. तू शांत बसतोस तेव्हा तुला काहीतरी माहीत असतं." त्यानं एक गोटा उचलून मुठीत धरला. "म्हटलं, कड्यापर्यंत उतरंडी रचतो. पाहुण्यांना सांगतो, वाट इथवर होती, पुढे दरड कोसळली. कोण खोटं ठरवणार? शेवटच्या राशीचा दगड टेकवला आणि पायाखालची माती गेली."

"आणि माझं नाव आलं ते?"

"मी घेतलं नाही. गावानं घेतलं."

"तू गप्प राहिलास."

"तूही गप्प राहिला होतास, झाहिर."

खाला खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, पाठ करून.

"माझ्याकडे सगळं असताना तुला माझी एवढी काय पडली होती?" मी विचारलं. "खजूर तुझे गोड, मुलगा तुझा इंजिनियर, बैठक तुझी. माझ्याकडे काय आहे?"

"अडलं की लोक काय म्हणतात?" तो म्हणाला. "मास्तरला विचारा. पाण्याचा वाटा असो, कबरीची जागा असो. माझा कहवा पितात आणि म्हणतात, झाहिरला विचारून बघा. माझा मुलगासुद्धा फोनवर विचारतो, काका काय म्हणाले. मी एकदा तरी काहीतरी तुझ्याआधी शोधावं, एवढंच होतं. लहानपणापासून एवढंच."

मी आयुष्यभर या माणसावर जळत आलो आणि तो त्याच वेळी माझ्यावर जळत होता, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला सुखावल्यासारखं झालं. माझ्यावरही कुणी जळावं, इतका मी कुणी होतो.

"शेखला फोन कर," मी म्हणालो. "उद्या जुम्मा आहे."

"करतो. पण आधी एक." त्यानं डोळे माझ्यावर रोखले. "खरी कुठून जाते ते मला सांग. शनिवारी सगळ्या गावाला कळेल. मला आत्ता कळू दे. त्यांच्याआधी."

रय्या म्हणाली, "या अल्ला, अजूनही?"

माझी वाट. तोपर्यंत मी ती बायकोलासुद्धा दाखवली नव्हती. तिच्या बदल्यात माझं नाव परत मिळणार होतं. सौदा वाईट नव्हता, तरी खिशातून नकाशा काढायला मी वेळ लावला. मी तो त्याच्या छातीवर उलगडला आणि बोट टेकवलं. "दुहेरी फाट्यावरून डावीकडे. सुळका आहे ना, त्याच्या मागच्या अंगाला वळली की दगडी पायऱ्या लागतात. अर्ध्या दरडीखाली गेल्या आहेत. मी मार्चमध्ये त्यातल्या खालच्या उकरून पाहिल्या. तिथून सरळ माथा."

मग त्यानं रय्याकडून फोन मागून घेतला आणि आवाज मोठा करून शेखला लावला. त्यानं आडपडदा ठेवला नाही. उतरंडी मी रचल्या, झाहिरचा काही संबंध नाही, मी गप्प बसलो ही माझी लाज, असं सगळं बोलला.

"उद्या नमाजानंतर हे मी लोकांना सांगेन," शेख म्हणाला. "मास्तर तिथे आहे का?"

"आहे."

"त्याला सांग, शनिवारी पाहुण्यांना तो नेईल. आणि तू पाय सांभाळ."

फोन ठेवल्यावर खलफाननं नकाशा पुन्हा जवळ ओढला. त्याचं बोट त्याच्या पाटावरून निघालं आणि माझ्या रेघेपर्यंत गेलं.

"म्हणजे मी अगदी जवळ होतो," तो म्हणाला.

तो जवळ नव्हता. डोंगराच्या भलत्याच अंगाला होता. सारं आयुष्य त्या कपारीवर हिंडला असता तरी त्याला पायऱ्या दिसल्या नसत्या. हे मला नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं असतं, आणि दाखवायची इच्छाही होती.

"हाकेच्या अंतरावर होतास," मी म्हणालो.

त्याचा चेहरा असा खुलला की पडल्यापासून प्रथमच तो खलफानसारखा दिसला. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "आणखी थोडे दिवस मिळाले असते तर सुळक्याच्या मागे मी गेलोच असतो." तेवढ्यात नर्स औषध घेऊन आली. त्यानं तिच्यापुढे नकाशा धरला. "हे बघ बेटी. हा माझा भाऊ. लौजची जुनी वाट आम्ही दोघांनी शोधली."

आम्ही दोघांनी. जळायचं तेवढं मी जळलो. तोंड उघडलंही. खाला खिडकीतून वळून माझ्याकडे बघत होती, आणि रय्याही.

मी नकाशा त्याच्या हातातच राहू दिला आणि नर्सला विचारलं, याला डोंगर चढता यायला किती दिवस लागतील.